विजेच्या वाद्यांतील मींड

व्हॉल्व्हचे जुने रेडिओ ज्यांनीं वापरले आहेत त्यांना एक आवाज चांगलाच ठाऊक असेल. लघुलहरींवरील एखादें दूरचें केंद्र शोधीत बटण हळूहळू फिरवावें, तों केंद्र लागण्याच्या आधीं एक शिट्टी ऐकूं येते. बटण पुढें न्यावें तशी ती उतरत उतरत खोल जाते, क्षणभर नाहींशी होते, आणि पुन्हां वर चढूं लागते. कार्यक्रम ऐकूं इच्छिणाऱ्याला ती कटकट वाटते. पण गाण्याच्या कानानें ऐकलें तर तिच्यांत एक नवल आहे. ती शिट्टी एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर उडी मारीत नाहीं. षड्जापासून पंचमापर्यंत जावयाचें तर मधल्या प्रत्येक बिंदूला स्पर्श करूनच ती जाते. आपल्या गवयांनीं आणि बीनकारांनीं जिला मींड म्हटलें त्या क्रियेचें बीज येथें आहे, आणि वीज तें कोणाकडून शिकलेली नाहीं. तो तिचा स्वभावच आहे.

विजेच्या वाद्यांची हकीकत या शिट्टीपासूनच सुरू होते. आज सिंथेसायझर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची आणि पुष्कळ बटणांची एक पेटी उभी राहते, आणि विजेचें वाद्य म्हणजे पट्ट्यांचेंच वाद्य असा आपला समज होतो. वस्तुस्थिति अशी कीं, या कुळांतील पहिलीं नांवाजलेलीं वाद्यें पट्ट्यांशिवाय जन्मास आलीं. पट्ट्या मागाहून आल्या. आणि गेल्या तीसएक वर्षांत कित्येक कारागीर पुन्हां त्या जुन्या, विसरलेल्या वाद्यांकडे वळून नवीन वाद्यें घडवीत आहेत. हें कां झालें, हें आज पाहूं. यांत केवळ यंत्रांचा प्रश्न नाहीं. स्वर हाताच्या ताब्यांत असावा कीं पट्टीच्या, हा तो प्रश्न आहे, आणि आपल्या संगीतालाहि तो नवा नाहीं.

१९२० सालीं पेट्रोग्राडच्या भौतिकी-तांत्रिक संस्थेंत लेव तेर्मेन नांवाचा एक तरुण रशियन शास्त्रज्ञ वायूंचे विद्युत्-गुणधर्म मोजण्याचें एक उपकरण जुळवीत होता. आपला हात उपकरणाजवळ नेला कीं त्यांतून निघणारा स्वर चढतो, आणि दूर नेला कीं उतरतो, असें त्याच्या लक्षांत आलें. तेर्मेन चेलोहि वाजवीत असे. चेलो हें आपल्या सारंगीप्रमाणें गजानें वाजविण्याचें आणि पडदे नसलेलें वाद्य. अशा हाताला त्या चढत्या-उतरत्या स्वरांत चाल सांपडण्यास वेळ लागला नाहीं. पाश्चात्त्य देशांत हा गृहस्थ लिओन थेरेमिन या नांवानें प्रसिद्ध झाला आणि वाद्यालाहि थेरेमिन हेंच नांव पडलें.

याची रचना समजावयास सोपी आहे. पेटींत दोन विद्युत्-मंडलें असतात. समजा, एकांत दर सेकंदाला १,७०,००० आणि दुसऱ्यांत १,७०,४४० आंदोलनें चाललीं आहेत. दोन्ही आपल्या कानाच्या आवांक्यापलीकडचीं. पण दोहोंचा मिलाफ केला कीं त्यांतील फरक, म्हणजे ४४० आंदोलनें, वेगळा काढतां येतो, आणि तो मात्र स्वर म्हणून स्पष्ट ऐकूं येतो. रेडिओची शिट्टी हीहि अशाच दोन लहरींच्या फरकांतून निघते. आतां एका मंडलाला एक उभी धातूची कांडी जोडली आहे. मनुष्याचें शरीर विजेच्या दृष्टीनें उदासीन नसतें. हात कांडीजवळ आला कीं त्या मंडलाची गति किंचित् बदलते. पावणेदोन लाखांच्या घरांतील आंदोलनांत हजारीं सुमारें अडीच इतका बदल झाला तरी फरक शून्यापासून ४४० पर्यंत चढतो. म्हणून कांडीभोंवतींच्या हातभर हवेंत कित्येक सप्तकें सामावतात. उजवा हात असा स्वर शोधतो. डावा हात एका आडव्या कड्यावर खालींवर होऊन आवाज लहानमोठा करतो. वाद्याला कोठेंहि स्पर्श करावयाचा नाहीं.

१९२२ सालीं तेर्मेननें तें लेनिनला वाजवून दाखविलें, आणि पुढें तो अमेरिकेंत गेला. तेथील आर्‌सीए कंपनीनें १९२९ च्या सुमारास पांचशेंएक वाद्यें तयार केलीं. परंतु हें वाद्य घरोघर गेलें नाहीं, आणि त्याचें कारण वाद्यांतच होतें. बोटानें दाबावयास पट्टी नाहीं, टेकावयास तार नाहीं, मोजावयास पडदा नाहीं. हवेंत बोट गहूंभर सरकलें तरी स्वर बेसूर होतो. सूर कानांत पक्का नसेल तर हें वाद्य वादकाला क्षणोक्षणीं उघडें पाडतें. क्लारा रॉकमोर या विदुषीनें मात्र तें साध्य केलें. मुळांत त्या व्हायोलिन वाजवीत. हाताच्या दुखण्यामुळें तें सोडावें लागलें तेव्हां त्या थेरेमिनकडे वळल्या. कांडीपुढें बोटें क्रमानें मिटून-उघडून नेमके स्वर घेण्याची एक पद्धति त्यांनीं स्वतःसाठीं बसविली. एरवीं कुतूहलाची वस्तु म्हणून राहिलें असतें तें वाद्य त्यांच्या हातीं मैफलीचें झालें.

दुसरें वाद्य फ्रान्समधील. मोरिस मार्तनो हेहि चेलोवादकच, आणि पहिल्या महायुद्धांत बिनतारी संदेशाचें काम केलेले. युद्धकाळांतील त्या यंत्रांच्या शिट्ट्यांतून त्यांना वाद्याची कल्पना सुचली, आणि १९२८ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं पॅरिस येथें तें लोकांपुढें आणलें. त्याला ओंद मार्तनो, म्हणजे मार्तनोच्या लहरी, म्हणतात. उजव्या हाताच्या बोटांत एक अंगठी घालावयाची. अंगठी एका ताणलेल्या दोरीला जोडलेली. हात डावीउजवीकडे सरकेल तसा स्वर सरकतो. थेरेमिनमध्यें जो हात हवेंत तरंगत होता त्याला येथें एक वाट आंखून मिळाली. पुढें मार्तनोंनीं पट्ट्याहि दिल्या, पण त्या पट्ट्या आडव्या हलतात. बोट दाबून ठेवून किंचित् डोलविलें कीं स्वराला आंदोलन मिळतें.

परंतु या वाद्याचें खरें मर्म डाव्या हातांत आहे. तेथें एक लहानशी कळ असते. ती दाबल्याशिवाय आवाज निघतच नाहीं, आणि जितकी खोल दाबावी तितका तो वाढतो. गजवाद्य वाजविणारा ज्याप्रमाणें गजाच्या दाबानें स्वराला जन्म देतो, फुलवितो आणि विझवितो, त्याप्रमाणें ही कळ काम करते. वाद्याच्या एका ध्वनिक्षेपकावर मार्तनोंनीं तारा ताणून बसविल्या होत्या. मुख्य स्वर निघाला कीं त्या तारा आपोआप निनादूं लागतात. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना याहून अधिक सांगावयास नको. ऑलिव्हिए मेसियां या थोर फ्रेंच संगीतकारानें आपल्या तुरांगालीला या सिंफनींत या वाद्याला मानाचें स्थान दिलें. १९४९ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें तिचा पहिला प्रयोग झाला. तिचें नांव संस्कृतावरून घेतलेलें आहे, हेंहि जातां जातां सांगण्यासारखें आहे.

तिसरें वाद्य जर्मनींतील. बर्लिनच्या संगीत विद्यालयांत नभोवाणीच्या प्रयोगांसाठीं एक विभाग होता. तेथें फ्रीड्रिख ट्राउटवाइन यांनीं जें वाद्य बनविलें तें ट्राउटोनियम. १९३० च्या जूनमध्यें तें लोकांनीं प्रथम ऐकलें. पॉल हिंडेमिट या नामवंत रचनाकारानें त्यासाठीं मुद्दाम संगीत लिहिलें होतें. धातूच्या पट्टीवर एक तार ताणलेली असते. बोटानें ती कोठेंहि दाबून पट्टीला टेकविली कीं त्या जागेनुसार स्वर निघतो, आणि बोट घासत नेलें कीं मींड निघते. पहिल्या ट्राउटोनियममध्यें एक निऑनचा दिवा झपाट्यानें विझून-पेटून आंदोलनें निर्माण करी. त्या आंदोलनाची आकृति करवतीच्या दातांसारखी. तिच्यांत मूळ स्वराबरोबर कित्येक उपस्वर भरलेले असतात. मग विद्युत्-मंडलांच्या गाळण्यांतून नको ते उपस्वर दाबावयाचे. तोंडाचा आकार बदलून आपण एकाच स्वराचा ‘आ’ किंवा ‘ऊ’ करतों, तसाच हा प्रकार. पुढच्या सिंथेसायझरांत ही युक्ति मुख्य झाली.

ट्राउटवाइन यांचे शिष्य ऑस्कर साला यांनीं या वाद्यांत आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे अधःस्वर. तंबोऱ्याच्या तारेंतून आपोआप निघणारा गंधार आपण जाणतों. मूळ आंदोलनसंख्येची दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट होत जाणाऱ्या उपस्वरांत तो शुद्ध गंधार सांपडतो. सालांनीं उलट वाट धरली. त्यांच्या यंत्रांत आंदोलनसंख्येला दोन, तीन, चार, पांच, सहा असें भागलें जातें. १२०० आंदोलनांचा स्वर घेतला तर ६००, ४००, ३००, २४० आणि २०० असे स्वर मिळतात. यांतील २०० ला षड्ज मानलें तर २४० हा कोमल गंधार आणि ३०० हा पंचम येतो. तंबोऱ्याच्या सृष्टींत शुद्ध गंधार, तर या उलट्या सृष्टींत कोमल! १९५२ च्या सुमारास तयार झालेलें सालांचें मिक्स्टुर-ट्राउटोनियम याच तत्त्वावर चालतें. हिचकॉकच्या ‘द बर्ड्‌स’ या १९६३ च्या चित्रपटांतील पक्ष्यांचे भयानक आवाज सालांनीं त्यावर काढले.

हीं तिन्ही वाद्यें पाहिलीं म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. वीज स्वर देईल, पण त्याला वळण हातानेंच द्यावयाचें, अशी यांची धारणा होती. मग पट्ट्यांनीं यांच्यावर मात कां केली? आपण याचें उत्तर हार्मोनियमवरून देऊं शकतों. पट्टी दाबली कीं ठरलेला स्वर निघतो. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशीं चाल वाजवितां येते. कारखानदाराला माल खपवितां येतो. पण त्याची किंमतहि द्यावी लागते. षड्जाचीं आंदोलनें २४० धरलीं तर तंबोऱ्याशीं जुळणारा गंधार ३०० चा. समान अंतरावर बसविलेल्या पट्टीचा गंधार ३०२ च्या वर जातो. आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा तर वाद्यांत अस्तित्वांतच नसते. याच कारणांसाठीं १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर ठेवलें. ज्या महाराष्ट्रांत संगीत नाटकाची साथ पेटीनें केली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कसबी वादक होऊन गेला, तेथें हा निर्णय सहज गळीं उतरण्यासारखा नव्हता. पुढें १९७१ पासून ती बंदी क्रमाक्रमानें सैल झाली. बंदी योग्य होती कीं अयोग्य, हा वाद येथें नको. परंतु तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न खरा होता.

आतां अमेरिकेकडे वळूं. रॉबर्ट मूग हा न्यूयॉर्कचा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असतां, १९४९ सालीं, त्यानें मासिकांतील आराखड्यावरून एक थेरेमिन बनविलें. १९५४ पासून तो वडिलांच्या मदतीनें थेरेमिनें तयार करून विकूं लागला. पुढें त्याची हर्बर्ट डॉइच या संगीतकाराशीं गांठ पडली, आणि १९६४ सालीं दोघांनीं मिळून ज्या यंत्राची जुळणी केली तो मूग सिंथेसायझर. म्हणजे या प्रख्यात वाद्याच्या कर्त्याचा हात थेरेमिनवर बसलेला होता.

मूगची मोठी कल्पना अशी. वाद्याचे वेगवेगळे भाग करावयाचे: एक आंदोलनें निर्माण करणारा, एक उपस्वर गाळणारा, एक आवाज लहानमोठा करणारा. प्रत्येक भागाला हुकूम द्यावयाचा तो विजेच्या दाबानें. दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एक सप्तक चढतो. तीन व्होल्टांना २२० आंदोलनें असतील तर चार व्होल्टांना ४४०. असा दाब आंकड्यांच्या पायऱ्यांनीं न बदलतां पाण्याच्या पातळीप्रमाणें अखंड बदलतो, आणि स्वर त्याच्या मागोमाग चालतो. अशा वाद्यांना ॲनलॉग म्हणतात तें याचसाठीं. हा दाब कोठून आला याची आंदोलन-मंडलाला पर्वा नसते. तो पट्टीवरून येवो, तारेवरून येवो, वा हवेंतील हातावरून येवो.

मर्माची गोष्ट ती हीच. व्होल्टाला पट्ट्या ठाऊक नाहींत. व्होल्टाचा बारावा हिस्सा म्हणजे पट्टीची एक पायरी. पण त्या बाराव्या हिश्शाच्या आंत जितक्या श्रुति कल्पाव्या तितक्या आहेत. मूगच्या यंत्रांत पुढें वीस-बावीस श्रुतींनाहि पुरून उरेल एवढी जागा होती, आणि बोट घासत नेण्याची एक लांब फीतहि त्यानें दिली होती. ती ट्राउटोनियमच्या तारेची जवळची नातलग. तरीहि यंत्राबरोबर पट्ट्या होत्या आणि बाजारानें पट्ट्याच उचलल्या. १९६८ सालीं बाखच्या रचना मूगवर वाजवून काढलेली वेंडी कार्लोस यांची ध्वनिमुद्रिका अफाट खपली, आणि १९७० सालीं ४४ पट्ट्यांचा मिनिमूग आला. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला डॉन बुक्ला यांनीं काळ्यापांढऱ्या पट्ट्या नाकारून स्पर्शानें चालणारे धातूचे तुकडे बसविले होते. त्यांना मानणारे संगीतकार पुष्कळ निघाले, पण दुकानांतून जिंकली ती पट्टीच.

यावर कोणी म्हणेल कीं, मिनिमूगमध्येंहि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मग मींड हरवली कोठें? उत्तर असें कीं, घसरणें म्हणजे मींड नव्हे. त्या सोयींत वादक फक्त किती वेळांत पोहोंचावयाचें तें ठरवितो. वाटेंत काय करावयाचें तें मंडल ठरवितें, आणि दर खेपेस एकाच रीतीनें ठरवितें. दरबारी कानड्याचा गंधार आठवून पाहा. तो ऋषभाकडून येतो, पण सरळ येत नाहीं. जड पावलांनीं येतो, झुलतो, मागें वळून पाहतो, आणि त्या झुलण्यांतच राग उभा राहतो. दोन मुक्कामांमधील प्रवास जेथें वादकाच्या इच्छेनें घडतो ती मींड. जेथें तो आपोआप घडतो ती नुसती घसरण. थेरेमिनच्या हवेंत, मार्तनोच्या अंगठींत आणि ट्राउटोनियमच्या तारेवर पहिली गोष्ट शक्य आहे.

आपल्या देशांत विजेचीं वाद्यें आलीं तेव्हां हाच ताण येथेंहि दिसला. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटांतील पुंगी असंख्य लोकांनीं खरी पुंगी समजून ऐकली. ती मुंबईंत कल्याणजी वीरजी शहा यांनीं क्लॅव्हिओलीनवर वाजविली होती. कॉन्स्तां मार्तें या फ्रेंच गृहस्थानें १९४७ सालीं तयार केलेलें हें व्हॉल्व्हचें वाद्य. एका वेळीं एकच स्वर देणाऱ्या पट्ट्या, आणि आवाज कमीजास्त करण्यास गुडघ्यानें हलविण्याची दांडी. पट्ट्यांवर मींड नाहीं हें खरें. पण कणस्वर आणि झटके यांच्या बळावर वादकानें कानाला मींडेचा भास करून दिला. कसबी पेटीवाले तरी दुसरें काय करतात? पुढें १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या देखरेखीखालीं मूगचें यंत्र बसविण्यांत आलें. तेथें गीता साराभाई आणि इतर भारतीय प्रयोगकर्त्यांनीं केलेलें ध्वनिमुद्रण अनेक वर्षें फितींत पडून होतें; त्यांतील निवडक भाग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. आणि १९८२ सालीं मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यांनीं वापरलेल्या रोलँडच्या टीबी-३०३ या लहानशा यंत्रांत स्वराला स्वर जोडून घसरविण्याची खूण करतां येते. ती घसरण यंत्राच्याच मापाची. पण रागाच्या चलनाला तिचा आधार सांपडला, हें त्या मुद्रिकेंत स्पष्ट ऐकूं येतें. तेव्हां तिच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. २०१० मध्यें ती पुन्हां निघाली तेव्हां जगभर तिची चर्चा झाली.

आतां पुनरुज्जीवनाकडे येऊं. जुन्या वाद्यांवरून स्फूर्ति घेऊन निघालेल्या आजच्या वाद्यांचे तीन वर्ग करतां येतात. पहिल्या वर्गांत वाद्यच नव्यानें घडविलें जातें. मार्तनो १९८० सालीं वारले आणि पुढें त्यांच्या वाद्याची निर्मिति थांबली. त्यानंतर फ्रान्समध्यें झां-लू दियेरस्तें यांनीं तें पुन्हां बनविलें, आणि जपानांत ओंडोमो नांवाचें त्याचें छोटें भावंड तयार झालें. मूग स्वतः २००५ सालीं वारला, पण आयुष्याच्या उत्तरार्धांत तो पुन्हां थेरेमिनेंच घडवीत होता. त्याच्या कंपनीनें थेरेमिनच्या शताब्दीनिमित्त २०२० सालीं काढलेल्या वाद्याला क्लारा रॉकमोर यांच्या नांवावरून क्लाराव्हॉक्स हें नांव दिलें.

दुसऱ्या वर्गांत जुन्या वाद्याचा फक्त हात घेतला जातो. इंग्लंडच्या ॲनलॉग सिस्टिम्स या कंपनीनें रेडिओहेड या वाद्यवृंदाचे जॉनी ग्रीनवुड यांच्यासाठीं जें साधन बनविलें त्यांत मार्तनोची अंगठी आणि डाव्या हाताची कळ आहे. पण तें स्वतः स्वर काढीत नाहीं. तें केवळ व्होल्ट देतें, आणि ते व्होल्ट हव्या त्या सिंथेसायझरला जोडावयाचे. मूगनें उघडून ठेवलेलें दार येथें खऱ्या अर्थानें उपयोगांत आलें. म्युनिकजवळचे डीटर डॉप्फर यांनीं १९९५ पासून सुट्या भागांची जी मोठी मालिका काढली तिच्यांतहि ट्राउटोनियमच्या तारेसारखी फीत आहे, आणि सालांच्या अधःस्वरांचें मंडल वेगळें मिळतें.

तिसऱ्या वर्गांत केवळ कल्पना घेतली जाते. २०२० सालीं मूग कंपनीनें काढलेला सबहार्मोनिकॉन हें त्याचें उत्तम उदाहरण. त्यांत दोन मुख्य आंदोलकांना प्रत्येकीं दोन अधःस्वर, असे मिळून सहा स्वर. यांतील स्वरांचें गणित सालांचें आहे. तालाचें गणित मात्र दुसरीकडचें: १९३१ सालीं अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांच्यासाठीं थेरेमिननें ऱ्हिद्मिकॉन नांवाचें यंत्र बनविलें होतें, ज्यांत स्वरांचीं गुणोत्तरें तालालाहि लावलीं होतीं. सबहार्मोनिकॉनमध्यें तसाच लयीला दोन, तीन, चार असा भाग जातो, आणि आपल्याकडील दुगुण-तिगुण एकत्र चालाव्या तशीं वेगवेगळीं आवर्तनें एकमेकांत गुंफलीं जातात. हें ऐकण्यास मोठें सुंदर आहे. परंतु या यंत्रावर तार नाहीं. आहेत त्या फिरकीच्या कळा. सालांच्या बोटाखालीं जें वाद्य होतें त्यांतील गणित त्यानें जपलें आणि बोट सोडून दिलें. त्यांत कांहीं गैर नाहीं. पण एकाला वारसा म्हणावयाचें आणि दुसऱ्याला आठवण, एवढा भेद आपण ठेवला पाहिजे.

हा भेद महत्त्वाचा कां, हें साला यांच्याच चरित्रावरून कळतें. १९३० सालीं वीस वर्षांच्या वयांत त्यांनीं ट्राउटोनियम हातीं घेतलें आणि २००२ सालीं मृत्यु येईपर्यंत तें सोडलें नाहीं. सत्तर वर्षें एका तारेवर बोट फिरविणारा हा मनुष्य त्या वाद्याचा जवळजवळ एकटा खंबीर वादक होता. त्यांचें वाद्य आणि त्यांचे कागद आतां म्युनिकच्या डॉइचेस म्यूझियमच्या ताब्यांत सुरक्षित आहेत. मंडलाचा आराखडा कागदावर उतरतो, आणि पन्नास वर्षांनींहि कोणी हुशार कारागीर त्यावरून यंत्र उभें करील. पण कोणत्या दाबानें, कोणत्या सावकाशीनें बोट तारेवरून न्यावें, हें कागदावर उतरत नाहीं. तें एका हातानें दुसऱ्या हाताला द्यावें लागतें. आपल्याकडे रुद्रवीणेचें आणि सारंगीचें दुखणें हेंच आहे. वाद्यें भिंतीवर टांगलेलीं दिसतात, आणि त्यांच्यापुढें बसणारे शिष्य मात्र विरळ होत जातात.

म्हणून या नवीन वाद्यांकडे नुसत्या शौकाच्या वस्तु म्हणून पाहूं नये, आणि जुन्याची नक्कल म्हणूनहि त्यांना हिणवूं नये. पहिल्या दोन वर्गांतील प्रत्येक वाद्य नव्या विद्यार्थ्याला पुन्हां त्याच अवघड जागीं आणून बसवितें, जेथें पट्टी मदतीला येत नाहीं आणि कानालाच स्वराची जबाबदारी घ्यावी लागते. ज्याच्या कानांत तंबोरा घुमत आहे अशा आपल्याकडील मुलाला ही जागा परकी वाटूं नये. उलट, पाश्चात्त्य विद्यार्थ्याला जें नव्यानें शिकावें लागतें तें त्याला घरांतून मिळालेलें असतें. तेव्हां आपल्या घरीं कोणी विजेचें वाद्य घेऊं म्हणेल, तर त्याला किती पट्ट्या आहेत आणि किती तऱ्हेचे आवाज निघतात हें विचारण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: दोन स्वरांच्या मधली जागा यांत कोणाच्या स्वाधीन आहे? उत्तर ‘वाजविणाऱ्याच्या’ असें असेल, तर तें वाद्य आपल्या संगीताचें होऊं शकेल. आणि मग त्यावर घालविलेलीं वर्षें फुकट जाणार नाहींत.